वहिनींची अर्ध्या मिनिटाची शांतता

चूपकाका हे नाव गल्लीतल्या मुलांनी ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं, की त्यांचं खरं नाव विचारलं तर शेजारीपाजारी आजही डोकं खाजवतात. काका सिनेमासाठी आवाज टिपायचे. लांब दांडीला बांधलेला माइक नटाच्या डोक्यावर, पण कॅमेऱ्यात येणार नाही असा, तोलून धरायचा, कानांवर हेडफोन चढवायचे आणि नटाचा सोडून जगातला प्रत्येक आवाज आपला वैरी मानायचा, हे त्यांचं काम. उभी हयात यात घालवलेल्या माणसाला घरात कुणी चमचा आपटलेला कसा खपणार? दार करकरलं, चूप. शेजाऱ्याची स्कूटर खोकली, चूप. एकदा शिंक येऊ घातलेल्या पाहुण्याला त्यांनी असा काही हात दाखवला, की त्या बिचाऱ्यानं शिंक गिळली आणि पुन्हा या घराची पायरी चढला नाही.

माणूस तुसडा नव्हता हो. शांततेचा लोभ होता त्यांना, इतकंच. आणि त्यालाही त्यांचा धंदाच कारण.

या धंद्यात एक रीत आहे. प्रसंग चित्रित झाला, की कुणी जागचं हलायचं नाही. नट, दिवेवाले, चहा देणारा, सगळे जिथल्या तिथे थबकतात आणि आवाजवाला अर्धं मिनिट त्या खोलीची नुसती शांतता टिपून घेतो. पुढे संवादाचे तुकडे जोडताना मधल्या फटींत तीच भरायची असते. दुसऱ्या खोलीची भरली, तर पाहणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण काहीतरी खुपत राहतं. कारण प्रत्येक खोली आपापल्या परीनं गप्प बसते. उंच छताची वेगळी, गाद्या-पडद्यांनी भरलेली वेगळी, आणि आत माणसं असून गप्प असलेली खोली तर सगळ्यांत वेगळी. "माणूस गप्प बसला तरी ऐकू येतो," असं काका म्हणायचे आणि ऐकणारे मनातल्या मनात हसायचे.

बाकीचे आवाजवाले काम संपलं की ही शांतता टाकून देत. काकांनी ती जन्मभर जमवली.

काम सुटल्यावर त्यांच्या दुपारी ठरून गेल्या. जेवण झालं, की मागच्या खोलीत आरामखुर्चीत पडायचं, हेडफोन चढवायचे, डोळे मिटायचे आणि एखादी शांतता लावायची. मग खुर्ची तिथेच राही आणि काका निघून जात. कधी भट्टी पेटण्याआधीच्या बेकरीत, जिथे पिठाची पातळ साय सगळ्या वस्तूंवर बसलेली असते आणि पाऊल टाकलं तरी वाजत नाही. कधी सुट्टी लागलेल्या शाळेच्या सभागृहात, जिथे फार वर, फार लांब कुठेतरी एक झडप झोपेत हलावी तशी हलते. कधी कोरड्या पडलेल्या पोहण्याच्या तलावाच्या तळाशी. तिथली शांतता निळी आहे, असं ते शपथेवर सांगत. अर्धं मिनिट संपलं की पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा, पुन्हा, आणि मग सांधा जाणवेनासा होई. काका त्या जागी मनमुराद हिंडत. खिडकीतलं ऊन गुडघ्यावरून पोटावर, पोटावरून हनुवटीवर सरकत येई. शेजारच्या पलंगावर त्यांचे थोरले भाऊ, दादा, बसलेले असत. ते हळूच विचारत, "आज कुठे?"

"कोठारात. धान्याच्या. पोती लागलीत छतापर्यंत."

"बरं," दादा म्हणत आणि पुन्हा खिडकीच्या पडद्याकडे बघत बसत.

वहिनी गेल्यापासून दादांची भाषा इतकीच उरली होती. बरं. हो. असू दे. कुणी काही विचारलं, की या तिन्हींतला एक शब्द उचलून पुढे करायचा आणि मोकळं व्हायचं. फक्त एखाद्या दुपारी काका उत्तर देत, "आज घरीच." तेव्हा मात्र दादा पाय वर घेऊन नीट मांडी घालून बसत. काका हेडफोन काढून ठेवत, छोटा स्पीकर मधे मांडत आणि दोघे भाऊ मिळून ऐकत.

घरीच म्हणजे वहिनी. या घरात त्या आल्या तेव्हा काका अर्ध्या चड्डीत होते. आल्या दिवशी वहिनींच्या तोंडाचा पट्टा जो सुरू झाला, तो शेवटच्या आजारापर्यंत. माणसं होतीच, पण माणसं नसली तर त्या कुकरशी बोलत, घड्याळाशी बोलत, उतू जाणाऱ्या दुधाची तर चांगली खरडपट्टी काढत. घरातल्या प्रत्येक समारंभाच्या व्हिडिओत वहिनींचाच आवाज. लग्न कुणाचं होतं ते कळत नाही, पण कोशिंबिरीत मीठ कमी आहे हे कळतं. तेव्हा वहिनींचं बोलणं हवं असेल, तर ते ढीगभर होतं. वहिनींची शांतता मात्र एकच. नवा माइक तपासायचा म्हणून काकांनी एका दुपारी त्यांना मागच्या खोलीत बसवलं होतं. काय विनवण्या करून बसवलं ते देव जाणे, पण अर्धं मिनिट ही बाई गप्प बसली.

त्यात काय ऐकू येतं? म्हटलं तर काहीच नाही. पण बोलायला आसुसलेलं माणूस बोलणं आवरून बसलं, की खोली जरा फुगते. दोघं भाऊ डोळे मिटून त्या फुगलेल्या खोलीत बसत. वहिनी समोर आहेत, आत्ता काहीतरी म्हणणार आहेत, अजून म्हटलेलं नाही. या एवढ्यावर दादांचा तो आठवडा निघत असे. खोटं कशाला सांगू, काकांचाही.

आता डब्याविषयी सांगायला हवं. जिन्याखाली, वायफायच्या यंत्राशेजारी एक पांढरा डबा ठेवलेला होता. तो बसवला दादांच्या मुलानं, जो नोकरीपायी महिनोन् महिने परगावी असतो. घरातले तिन्ही कॉम्प्युटर, त्याचा, त्याच्या बायकोचा आणि काकांचा, रोज संध्याकाळी आपापली नक्कल वायफायवरून त्या डब्यात आपोआप ठेवत. उद्या एखादा कॉम्प्युटर बसला, तरी डब्यातून सगळं परत मिळावं म्हणून. शिवाय त्याच डब्यात कुणालाही आपल्या फाइली नुसत्या ठेवायलाही मोकळीक होती. "एका डब्यात दोन्ही कामं होतात की, कशाला दोन डबे?" असं म्हणून चिरंजीव बॅग उचलून निघून गेले. नकलांना इतकी जागा, सामानाला इतकी, अशी मधे भिंत घालायची असते. ती घालायची राहिली.

एका खोलीत दोन बिऱ्हाडं आणि मधे साधा पडदासुद्धा नाही, म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. बॅकअपचा स्वभाव पसरायचा. जागा दिसली की तो पाय लांब करतो, आणि जागा संपली की कुणाला न विचारता आधी त्याच कॉम्प्युटरच्या जुन्या नकला खिडकीबाहेर टाकतो आणि त्या संपल्या की दुसऱ्यांच्या. सामानाचा स्वभाव ठाण मांडायचा. आलं ते आलं. आणि सगळ्यांत जास्त सामान होतं काकांच्या शांततांचं. शांतता वजनाला हलकी असेल असं तुम्हाआम्हाला वाटतं, पण काका त्या अशा निगुतीनं टिपायचे, की एकेक फाइल म्हणजे धोंडा.

आधी त्या काकांच्या कॉम्प्युटरवरच होत्या. वहिनी गेल्या आणि काकांनी धास्ती घेतली. कॉम्प्युटर जुना, घरघरणारा, आज आहे उद्या नाही. म्हणून त्यांनी सगळ्या शांतता उचलून डब्यात नेऊन ठेवल्या आणि कॉम्प्युटरवरून पुसून टाकल्या. बॅकअपच्या डब्यात ठेवल्यात, आता कसली काळजी, असं म्हणून ते निर्धास्त झाले. डबा कॉम्प्युटरांची नक्कल ठेवतो, पण डब्यात नुसत्या ठेवलेल्या वस्तूची नक्कल कोण ठेवणार, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. आपल्यातल्या किती जणांना पडतो?

सूनबाई पुढच्या खोलीत बसून इमारतींचे नकाशे काढायची. ती या घरात आली वहिनींच्या पश्चात. सासूबाईंना तिनं व्हिडिओंतच पाहिलेलं. मुलगी कामाची, नीटनेटकी, सासऱ्यांना आणि काकांना जीव लावणारी. मागच्याच आठवड्यात तिच्या हातून एका नकाशातला जिना पुसला गेला. डब्यात जुनी प्रत असेल म्हणून बघायला गेली, तर डब्यानं तिच्या साऱ्या जुन्या नकला कधीच टाकून दिलेल्या. जागा नव्हती ना! अख्खा जिना तिला पहिल्या पायरीपासून पुन्हा चढवावा लागला. तेव्हाच तिनं मनाशी ठरवलं, की एकदा डबा उघडायचा आणि अडगळ काढायची.

काका दाढ दाखवायला दवाखान्यात गेले होते, त्या दुपारी तिनं डबा उघडला. त्यात 'रिकाम्या खोल्या' नावाचं भलंमोठं फोल्डर. पहिली फाइल लावली, आवाज वाढवला. काही नाही. दुसरी, तिसरी. काही नाही. 'मागची खोली, दुपार' हीसुद्धा लावून बघितली म्हणे. कुणाच्या तरी हातून माइक बंद राहिलाय आणि ही रिकामी रेकॉर्डिंगं निष्कारण जागा अडवून बसलीत, असा तिनं निष्कर्ष काढला. तरी विचारून घ्यावं म्हणून ती दादांकडे गेली.

"बाबा, डब्यात काही रिकामी रेकॉर्डिंगं पडलीत. काढून टाकू?"

दादा पडद्याकडे बघत होते. "हो," ते म्हणाले.

नेटवर्कवरच्या डब्याला केराची टोपली नसते. गेलं ते गेलं. सूनबाईनं समाधानानं हात झटकले, आपल्या कॉम्प्युटरची अगदी पहिल्यापासून नवी कोरी नक्कल डब्यात घालायला लावली आणि चहाचं आधण ठेवलं.

काका आले ते गाल धरून. दाढ उपटलेली, तोंड अर्धं बधिर, जग जरा लांबून दिसत होतं. खुर्चीत पडल्या पडल्या म्हणाले, "दादा, आज घरीच."

दादांनी मांडी घातली. काकांनी स्पीकर मांडला, डबा उघडला. बघत राहिले. पुन्हा उघडला. मग त्यांनी स्पीकरची वायर सावकाश बोटांभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली. "डब्यात काही हलवलंस का गं?"

"हो काका! किती जागा झाली बघा. सगळी रिकामी होती ती रेकॉर्डिंगं. माइक बंद राहिला होता वाटतं."

"माइक चालू होता," काका म्हणाले. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, बधिर तोंडानं, तुटक तुटक. त्या रिकाम्या खोल्या कसल्या होत्या, आणि त्यातल्या एकीत कोण बसलं होतं. आवाज चढवला असता तर पोरीला सोपं गेलं असतं. ते चढवेनात. तिच्या हातातला कप बशीत थडथडायला लागला, आणि जन्मात पहिल्यांदा काका त्या आवाजाला चूप म्हणाले नाहीत.

"मीच हो म्हणालो," दादा म्हणाले. "तिनं विचारलं होतं. मी ऐकलंच नाही काय विचारलं ते. नुसतं हो म्हणालो." इतकी लांब वाक्यं त्यांच्या तोंडून कैक महिन्यांत निघाली नव्हती. ती निघाली आणि मागोमाग त्यांचा चेहरा असा कोसळला, की काकांना त्यांच्याकडे बघवेना.

सूनबाई रडली, पण रडत बसली नाही. डोळे पुसता पुसताच तिनं विचारलं, "काका, डब्यात हलवायच्या आधी ती तुमच्या कॉम्प्युटरवर होती ना? आणि तेव्हा तुमच्या कॉम्प्युटरची नक्कल रोज डब्यात जात होती ना?"

"असेल."

"म्हणजे तुमची जुनी नक्कल शिल्लक असेल, तर तिच्या आत ती..." इथे ती ताडकन उठली. "अगं बाई! माझी नवी नक्कल चाललीय. डबा भरत आला असेल. माझ्या जुन्या नकला तर कधीच संपल्या, आता भरला की तो तुमची सगळ्यांत जुनी टाकणार!"

ती जिन्यापाशी धावली. डब्यावरचा दिवा भराभरा लुकलुकत होता. जागा जवळजवळ संपलेली. तिनं आपली नक्कल अर्ध्यावर थांबवली. काका दारात येऊन उभे राहिले.

"अगं, पण तुझे नकाशे?"

"राहू देत. जिना काढता येतो पुन्हा."

मग ती लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत आली, पलंगावर दादांच्या शेजारी बसली आणि तिघं मिळून मागे निघाली. कॉम्प्युटरची नक्कल म्हणजे त्या त्या दिवशी तो जसा होता, तसाच्या तसा. गेल्या महिन्याचा उघडला. काकांच्या स्क्रीनवर औषधांच्या पावत्या, वीजबिल. शांतता नाहीत. त्याच्या मागचा उघडला. नाहीत. आणखी मागे. उन्हाळा आला, सूनबाईच्या लग्नाचे फोटो आले, आणि मागे जाताना ते एकेक करून नाहीसे झाले, तिचं लग्न व्हायचं राहिलं. दादांचा चष्मा बदलायचा राहिला. पडद्यातून येणारं ऊन सूनबाईच्या बोटांवर होतं आणि तिचं बोट दाबेल तसे दिवस बिनआवाज मागे सरत होते. काकांना क्षणभर वाटलं, की आपण उठून स्वयंपाकघरात गेलो तर तिथेही आता ती जुनी शेगडी असेल. ते उठले नाहीत.

"ही शेवटची," सूनबाई म्हणाली. "याच्या मागचं सगळं डब्यानं टाकलंय."

तिनं ती उघडली. स्क्रीनवर मधोमध एक कागद होता, वहिनींच्या इस्पितळात न्यायच्या वस्तूंचा, काकांनी त्यांच्या सांगण्यावरून टाइप केलेला. उशी आपली न्यावी, तिथली टोचते. आणि त्याच्या बाजूला 'रिकाम्या खोल्या'.

सूनबाईनं 'मागची खोली, दुपार' शोधून लॅपटॉपवर उतरवायला घातली. रेघ मुंगीच्या पावलानं पुढे सरकत होती, आणि तिघं ती टोकाला पोचायची वाट बघत होती. पोचली. काकांचा जीव भांड्यात पडला. पण फाइलीकडे बघून ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "ही एवढी मोठी कशी?"

मग त्यांच्या ध्यानात आलं. डब्यात ठेवल्यानंतर त्यांनी एकेक शांतता साफ करायला घेतली होती. पुढची खुडबुड कापायची, मागची कापायची, मधलं स्वच्छ अर्धं मिनिट ठेवायचं. धंद्याची सवय. आजवर ऐकत होते, ती कापलेली. ही त्याआधीची होती, अख्खी. कात्री त्यांनी न ऐकता, स्क्रीनवरच्या आवाजाच्या रेघा बघूनच चालवली होती; कापलेल्या भागात काय होतं, ते त्यांना काही केल्या आठवेना.

"लाव," दादा म्हणाले.

स्पीकरमधून आधी खुर्ची सरकली. मग एक तरुण, उतावळा आवाज आला, तो काकांचा होता. "वहिनी, आता हलायचं नाही आणि बोलायचं नाही."

"मी कशाला बोलतेय? मधे मधे बोलायची सवयच नाही मला."

"चूप!"

"बरं बाई, चूप. पण गॅस बंद केला का तेवढं बघून..."

"वहिनी!"

सूनबाईला डोळ्यांत पाणी असताना हसू फुटलं. वहिनीही हसल्या, मग हसू दाबलं, मग दाबलेलं हसूही विरलं आणि खोली गप्प झाली. तीच खोली. हाच पलंग, हीच खिडकी, तेव्हाची दुपार. सूनबाईनं हीच शांतता थोड्या वेळापूर्वी आवाज वाढवून ऐकली होती आणि तिला काही ऐकू आलं नव्हतं. आता तिला श्वास ऐकू आला. कुणीतरी समोर बसलंय, ओठ घट्ट मिटून, दिराच्या हट्टापायी, मोठ्या प्रेमानं बसलंय, हे तिला ऐकू आलं. ती कधीही न भेटलेल्या बाईसमोर हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखी बसून राहिली.

अर्धं मिनिट सरलं. इथे एरवी शांतता संपायची. आज ती संपली नाही. पुढे वहिनींचा आवाज आला, अगदी हळू, विचारून घेतल्यासारखा.

"झालं का हो, भाऊजी? बोलू का आता?"

उत्तर आलं नाही. काकांना आता लख्ख आठवलं. त्यांनी बोट वर करून त्यांना थांबवलं होतं, आणखी थोडं हवं म्हणून. आणि वहिनी थांबल्या होत्या, त्यांच्या बोटाकडे बघत, परवानगीची वाट बघत. रेकॉर्डिंग तसंच चालू होतं. काकांना आत्ता, या घटकेला, ते बोट खाली घ्यायचं होतं आणि घेता येत नव्हतं.

दादा पलंगावरून उतरले आणि स्पीकरच्या समोर येऊन जमिनीवर बसले. बायको बोलत असताना हा माणूस जन्मभर वर्तमानपत्रामागून नुसतं हं हं करत आला होता. त्यांनी आपलं डोकं स्पीकरच्या अगदी जवळ नेलं.

"बोल गं," ते म्हणाले. "बोल. मी ऐकतोय."